दहाचा पाऊस

डॉक्टर इंगवल्यांनी लोंबी तोडली, तळहातावर चुरली आणि हात तोंडाशी नेऊन फुंकर मारली. भुसा उडाला आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसांच्या धोतरांवर जाऊन बसला. तळहातावर वीसेक दाणे उरले.

"बघा," ते म्हणाले. "दीडशे दाण्यांची लोंबी. त्यातले भरले किती? वीस. बाकी सगळं पळींज. आत तांदूळच नाही. हौसाबाई, हे काय पिकवलंत?"

हौसाबाई खुटवड पदर कमरेला खोचून खाचरात उभ्या होत्या. पन्नाशीची, उंच, रुंद खांद्यांची बाई.

"म्या लावलं, साहेब," त्या म्हणाल्या. "पिकवायचं काम वरच्याचं. त्येला इचारा."

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत.

दसरा होऊन दहाएक दिवस झाले होते. कातळवेढ्याचं आमचं भात संशोधन केंद्र घाटमाथ्याच्या अगदी खाली होतं आणि डॉक्टर इंगवले त्याचे प्रमुख होते. त्यांनी बारा वर्षं खपून एक नवा वाण काढला होता. 'कातळ-सात' असं त्याचं नाव. डिसेंबरात तो राज्याच्या समितीपुढं मंजुरीला जायचा होता. त्याआधी आसपासच्या प्रत्येक गावात एका शेतकऱ्याला बियाणं आणि दोन गोण्या युरिया देऊन पीक उभं केलं होतं. पाथरवण गावात हा मान हौसाबाईंना मिळाला, तोही गावानं एकमुखानं सुचवल्यामुळं.

त्याचं कारण मला सरपंच गेनबा शिळीमकरांनीच एकदा सांगितलं होतं. पाथरवणात बहुतेक खाचरं भावाभावांत सामाईक होती. भात झोडून झालं की खळ्यावर पायलीनं मोजून वाटे पडायचे आणि तिथं सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावायचे. म्हणून मापाला गेली वीस वर्षं हौसाबाई बसत होत्या, त्याआधी त्यांच्या सासूबाई. त्यांनी घातलेलं माप पुन्हा मोजलं गेलंय असं गावात कुणाला आठवत नव्हतं. बाईला घरात एकच मुलगा, तोही पलटणीत. शेत जेमतेम. पण भात-झोडणीच्या महिन्यात गावात तिच्या शब्दाला जे वजन असे ते सरपंचाच्या शब्दालाही नसे.

"युरिया घातला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"घातला की. दोन हप्त्यांत. तुमीच सांगितलं तसा."

"मग हे असं होणार नाही. खत पोटात गेलं असतं तर दाणा भरला असता. खत कुठं गेलं?"

"म्हंजे?"

"म्हणजे विकलंत का, असं विचारतोय."

हौसाबाईंनी वाकून एक बुडखा मुठीत धरला आणि ताठ उभा केला.

"खत न्हाई खाल्लं तर भात हितवर येतं," त्यांनी गुडघ्याला हात लावला. "ह्ये माझ्या कंबरेला लागतंय. परवापरवापोतर हिरवंगार हुतं, समद्यांनी बघितलंय. उपाशी पोराची उंची अशी वाढती व्हय?"

"मग दाणा?"

"दाणा पावसानं खाल्ला. निसवलं, लोंब्या भाईर पडल्या, तवा पितृपंधरवडा हुता. रोज सकाळी दहाच्या टायमाला पाऊस. भाताचं फूल उघडतं दहाला, मिटतं बाराला. त्येवढ्या दोन तासांतच रोज पानी पडलं तर दाणा धरंल कसा? मामंजींचं पान ठेवलं त्या दिशी वट्यावरचा भात भिजून पेज झाली. कावळासुदिक आला न्हाई."

"शेजारचं खाचर तुमचंच ना? त्यात आंबेमोहर भरलेला दिसतोय. तिथं पाऊस पडला नाही?"

"त्यो निसवला घट बसल्यावर, साहेब. तवा ऊन हुतं. आन् तुमच्या केंद्रातलं भरलं ते का भरलं? तुमची लावणी बारा दिस मागं. टॅक्टर मोडला हुता तुमचा."

हे सगळं खरं होतं, अगदी तारखेसकट. मी मनातल्या मनात तिचं म्हणणं केंद्राच्या नोंदवहीशी ताडून पाहत होतो आणि ते कुठंच अडत नव्हतं. एखाद्या जाड ग्रंथात जे तीन पानांत सांगतात ते तिनं बांधावर उभं राहून चार वाक्यांत सांगितलं होतं.

डॉक्टरांनाही ते कळलं असणार. कारण ते तिच्याशी बोलायचे थांबले आणि गावाकडं वळले.

"मंडळी, मी सरळ माणूस आहे," ते म्हणाले. "हे पावसामुळं झालं असेल, तर हा वाण तुमच्या शिवाराला मानवत नाही असं मला लिहावं लागेल. मग पुढच्या वर्षी बियाणं पाथरवणला नाही, दुसऱ्या गावाला जाईल. आणि हे शेतकऱ्याच्या हयगयीनं झालं असेल, तर गोष्ट वेगळी. शेतकरी बदलता येतो. आता तुम्हीच सांगा."

सगळ्यांनी गेनबांकडं पाहिलं. गेनबा पागोटं सारखं करत पुढं आले.

"हौसाक्का, झालं ग्येलं," ते म्हणाले. "दोन गोण्या म्हंजे काय डोंगर न्हवं. कुणाला दिल्या आसतील तर सांगून टाक. कोन फाशी देत न्हाई तुला."

"गेनबा," हौसाबाई म्हणाल्या, "त्या पंधरवड्यात माझ्या वट्यावर किती बारी थांबलास पावसाचा? तुझी बंडी म्या चुलीवर वाळवून दिली. इसरलास?"

"म्हैना झाला, आक्का. पाऊस कवा पडला ते कोन ध्येनात ठेवतं?"

"ह्ये ठेवत्यात की!" त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "पाऊस-मास्तर! त्येंचं कामच त्ये. इचारा त्येंना."

मी त्या केंद्रात हवामान निरीक्षक होतो. रोज सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस नळीत ओतून मोजायचा आणि वहीत लिहायचा, हे माझं काम. उरलेला दिवस मी वाचत बसे. गावकरी मला पाऊस-मास्तर म्हणत. चारचौघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं की माझी नजर आपोआप जमिनीकडं जाते. लहानपणापासूनची खोड आहे, आता पंचाहत्तरीतही गेलेली नाही. तेव्हाही मी खाली पाहिलं. माझ्या चपलेला भाताचं एक पातं चिकटलं होतं.

"परचुरे, तक्ते," डॉक्टर म्हणाले.

मी काखेतली गुंडाळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पितृपंधरवड्याचे तक्ते जीपच्या बॉनेटवर ओळीनं पसरले आणि कडांवर दगड ठेवले.

"या, जवळ या. हे आमच्या यंत्राचे कागद. यंत्रात घड्याळ असतं, त्यावर हा कागद फिरतो. पाऊस पडला की टाक वर चढतो आणि रेघ काढतो. माणसाचा त्यात हात नाही. यंत्राला ना कुणी भाऊ, ना कुणी भावकी. ही वेळ बघा. रात्री दोन ते चार. हा दुसरा दिवस, एक ते साडेतीन. हा तिसरा. सगळा पाऊस रात्रीचा. आणि सकाळी दहाला? रेघ सपाट."

माणसं वाकली. गेनबांनी जांभळ्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं.

"म्हंजे रातीचाच म्हणायचा," ते म्हणाले.

"आपुन झोपेत आसतो. काय कळतंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"सकाळी झाडं ठिबकत्यात, त्योच पाऊस वाटतो," आणखी कुणी म्हणालं.

बघता बघता पंधरा दिवस सकाळी भिजलेली माणसं कोरडी झाली.

हौसाबाई बॉनेटपाशी गेल्याच नाहीत. त्या चिखलातून सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, कागूद ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा. दहाला पडला का न्हाई?"

"तक्त्यात," मी म्हणालो, "तक्त्यात जे आहे ते आहे."

माझा आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरांना तो मोठ्यानं परत सांगावा लागला. "ऐकलंत? तक्त्यात आहे ते आहे."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी त्या पात्याकडं.

डॉक्टरांनी पाहणीच्या कागदावर 'शेतकऱ्याने खताची मात्रा दिलेली नाही' असं लिहिलं. साक्षीदार म्हणून गेनबांनी सही केली. माणसं पांगायला लागली आणि जाता जाता कुणीतरी, ऐकू जाईल इतक्या बेतानं, बोललं, "मापाला बसनारीच आशी, म्हंजे आजवरची मापं कशी आसतील?"

"औंदाच्या मापाचं मग बघू काहीतरी," गेनबा म्हणाले.

चोर म्हटल्यावर ताठ उभी राहिलेली ती बाई हे वाक्य ऐकून मात्र बांधावर बसली.

आता जे सांगायचं ते सांगतो. त्या तक्त्यांवरच्या रेघा यंत्रानं काढलेल्या नव्हत्या. त्या मी काढल्या होत्या.

यंत्राच्या घड्याळाची स्प्रिंग जुलैतच तुटली होती. वरच्या कार्यालयाला दोन पत्रं गेली, उत्तर आलं नाही. ऑगस्टात तपासणी येणार असं कळलं तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावलं. "परचुरे, तक्ते कोरे दिसता कामा नयेत. दिवसाचा एकूण आकडा तुमच्याकडं आहेच. रेघ तेवढी काढून टाका." मी "बरं" म्हणालो. बारीक टाक आणि यंत्राचीच जांभळी शाई घेऊन मी रोज एक रेघ काढू लागलो. वहीत पाच मिलिमीटर असतील तर रेघ पाच मिलिमीटर चढवायची. कुठं चढवायची ते माझ्यावर होतं. मी ती रात्री चढवत असे, कारण रात्रीच्या पावसाला साक्षीदार नसतो. दिवसाची वेळ घातली आणि कुणी म्हणालं की तेव्हा तर ऊन होतं, तर काय करायचं? इतका सावध विचार मी केला होता. खरं सांगायचं तर त्या रेघा सुरेख जमल्या होत्या, आणि मला त्यांचं थोडं कौतुकही होतं.

त्या रेघांनी कुणाचं काही बिघडेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. पाच मिलिमीटर पाऊस तो केवढा. पण भाताच्या फुलाला पाऊस किती पडला याच्याशी कर्तव्य नसतं, कधी पडला याच्याशी असतं. रात्री पन्नास पडला तरी ते मिटलेलं असतं. सकाळी दहाला पाच पडला तर पराग धुऊन जातो आणि लोंबी बाहेरून चांगली, आतून पोकळ राहते. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं एवढंच.

रात्रभर तळमळून दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. बरोबर एक पुस्तक नेलं होतं. पितृपंधरवड्यात मी ग्रंथालयातला एक जाडजूड प्रवासग्रंथ वाचत होतो. माझ्या वेधशाळेच्या खोलीला पत्र्याचं छप्पर होतं, पाऊस सुरू झाला की आवाजानं वाचणं अशक्य व्हायचं. तेव्हा कुठं थांबलो ते कळावं म्हणून मी समासात पेन्सिलीनं खूण करून वेळ लिहून ठेवायचो. दहा वाजून पाच मिनिटं. नऊ पन्नास. दहा वीस. सलग अकरा खुणा होत्या.

"साहेब," मी म्हणालो, "तो पाऊस दहाचा होता."

"कोणता पाऊस?"

"हौसाबाईंच्या शेतावरचा. तक्त्यांवरच्या रेघा माझ्या आहेत, तुम्हाला माहीतच आहे. खऱ्या वेळा ह्या इथं आहेत." मी पुस्तक उघडून पुढं केलं.

त्यांनी दोन पानं उलटली, तिसरं उलटलं. मग पुस्तक मिटून पाठीमागचा शिक्का पाहिला.

"हे ग्रंथालयाचं पुस्तक ना?"

"हो."

"त्यावर पेन्सिल?"

त्यांनी पुस्तक बाजूला सरकवलं आणि चहाचा कप उचलला.

"बसा, परचुरे. तो पाऊस दहाचा होता हे मला माहीत आहे. मी काय इथं नव्हतो? रोज दहाला जीपमधून उतरताना मीही भिजलोय."

मी बसलो नाही.

"माहीत होतं?" मी म्हणालो.

"अहो, विचार करा. फुलोऱ्याच्या दहा दिवसांत बरोबर दहा वाजता पाऊस, असं पाच-सात वर्षांतून एकदा होतं. त्या एका वर्षासाठी उरलेल्या सहा वर्षांचं पीक घालवायचं? समितीत बसलेल्या लोकांना हे समजत नाही. त्यांना कागदावर 'पावसात टिकत नाही' एवढं दिसलं की वाण गेला. बारा वर्षं गेली त्यात माझी."

"मग तसं लिहा ना, साहेब. पाच-सात वर्षांतून एकदा दगा देतो असं लिहा. लोक उशिरा लावणी करतील, थोडं मागंपुढं करतील. त्यांना हे माहीत असायला हवं."

मी एवढं सलग बोललो याचं त्यांनाही नवल वाटलं असावं.

"आणि त्या बाईंचं काय?" मी म्हणालो.

"काय त्यांचं? पोलीस नाहीत, खटला नाही. दोन गोण्या खत. पुढच्या वर्षी लोक विसरतील."

"त्या गावात मापाला बसतात. आता त्यांना कुणी…"

"माप?" ते हसले. "परचुरे, मी लाखो एकरांचं बोलतोय आणि तुम्ही मला पायली सांगताय! जाऊ द्या. तक्त्यांवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग? चौकशी झाली तर कुणाची होईल? तुमच्या निवृत्तीला अठरा वर्षं आहेत. शांतपणे वाचत बसा. मी तुमच्या वाचण्याच्या कधी आड आलोय का?"

आणि मी "बरं" म्हणालो. मी "बरं" म्हणून बाहेर आलो! आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझे कान तापतात. लाखो एकरांच्या बाता मारणाऱ्या त्या माणसाला एका बाईची पायली जड झाली, आणि त्याला तसं सांगायला माझ्या तोंडातून दोन अक्षरांपलीकडं काही निघालं नाही. दोन दिवसांनी मला लेखी ताकीद मिळाली. खोट्या तक्त्यांबद्दल नव्हे. ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिलीने लिहिल्याबद्दल.

'कातळ-सात' डिसेंबरात मंजूर झाला. त्याच्या माहितीपत्रकात 'सर्व प्रकारच्या पर्जन्यमानास अनुकूल' असं छापलं होतं.

पण त्याच्या आधी, नोव्हेंबरात, केंद्रावर कापणीला येणाऱ्या पाथरवणच्या बाया बोलताना मी ऐकलं की औंदा माप गेनबांनी स्वतःकडं घेतलंय, आणि हौसाक्का खळ्यावर येतात पण लांब बसतात. ते ऐकून मी खोलीत गेलो आणि एक कागद लिहायला घेतला. बोलायचं मला जमत नाही, वाचून दाखवायचं जमेल असं वाटलं. चार वेळा खोडला. पाचव्यांदा लिहिला तोवर रविवार उजाडला, म्हणून तसाच खिशात घालून पाथरवणला निघालो.

देवळामागच्या खळ्यावर सकाळची उन्हं पसरली होती. मध्ये भाताची पिवळी रास, एका बाजूला गेनबा पायली घेऊन उकिडवे बसलेले, समोर त्यांचा धाकटा भाऊ बबन. दोघांच्या सामाईक खाचराची वाटणी चालली होती. वीस-पंचवीस माणसं भोवती. हौसाबाई खळ्याच्या पार कडेला, पाठ करून, सुपानं आपलं भात पाखडत होत्या.

"दादा, ही बरी तऱ्हा," बबन म्हणत होता. "तुझ्या वाट्याला शीग लावून, आन् माझ्या वाट्याला हातानं सपाट?"

"डोळं फुटलं का तुझं? दोनी सारखंच भरतोय."

"सारखं? मघाच्या पायलीवर येवढा ढीग हुता! मोजा परत!"

"परत मोजायला म्या काय चोर हाय?"

"कोन म्हनतंय? पर वाटनी तुझी, माप तुझं, आन् हातबी तुझाच!"

लोक हसले. तेवढ्यात त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"या, मास्तर," गेनबा म्हणाले. "आज इकडं कुठं? पाऊस मोजायला आला का?"

मी खिशातून कागद काढला. चष्मा लावला. "मी, परचुरे, हवामान निरीक्षक, असे लिहून देतो की, दिनांक…"

"काय अर्ज हाय व्हय?" बबननं विचारलं. "मग ग्रामपंचायतीत द्या की."

पुन्हा हशा झाला. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

"ते तक्ते खोटे होते," मी म्हणालो.

कुणाला काही समजलं नाही.

"तुम्हाला जीपवर दाखवले ते. यंत्र जुलैपासून बंद होतं. त्या रेघा मी हातानं काढल्या. पाऊस रात्री पडला नाही. रोज सकाळी दहाला पडला, हौसाबाई म्हणाल्या तसाच. साहेबांनाही ते माहीत होतं. बाईंनी खत घातलं होतं. दाणा पावसानं गेला."

सुपाचा आवाज थांबला. एक म्हातारा म्हणाला, "आमालाबी आठवत हुतं तसं. पर कागदात रातीचा म्हनल्यावर…"

"व्हय की," दुसरा म्हणाला. "माझं सरपान भिजलं हुतं सकाळच्याला. म्हनलं, आपलंच चुकत आसंल."

"तवा कुटं ग्येलती तुमची वाचा?" हौसाबाई तिकडूनच म्हणाल्या. सूप खाली ठेवून त्या उठल्या आणि राशीपाशी आल्या. "पुढल्या सालच्या बियान्यासाठी गिळलीत, व्हय ना? निदान त्येवढं तरी कबूल करा."

मग त्या माझ्याकडं वळल्या.

"आन् मास्तर, तुमी. म्या इचारलं तवा तुमी खाली बघत हुता. म्या तवाच वळखलं. ज्याचं खरं आसतं त्यो असा चपला बघत न्हाई."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलं न्हवं. केलंत."

बबननं गेनबांच्या हातून पायली ओढून घेतली आणि हौसाबाईंपुढं धरली. "आक्का, झालं ग्येलं सोड. ह्ये घे. तूच बस मापाला. आमची वाटनी तरी सरळ व्हईल."

"ऱ्हाऊ दे. कागदावर म्या खतचोर हाय. ह्या गेनबाची सही हाय त्येच्याखाली. त्यो कागूद फाटल्याबिगर म्या मापाला हात लावनार न्हाई."

"आगं, पर त्यो कागूद सायबाकडं," गेनबा म्हणाले. "म्या कुटनं आनू?"

"मंग तुजी सही परत घेतली म्हनून लिहून दे. आन् त्यो सायब हितं यून तुमच्यासमोर म्हनू दे चुकलं म्हनून."

गेनबांनी ते पुढं लिहून दिलं, मीच लिहिलं त्यांच्यासाठी. केंद्रानं पोच दिली नाही. साहेब काही आले नाहीत. माझी जानेवारीत बदली झाली, गोदामावर. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी खळ्यावर रास पडून होती, दोन भाऊ तोंडं फिरवून बसले होते आणि पायली बबनच्या हातात अधांतरी.

हौसाबाईंनी बबनला ती माझ्यापुढं ठेवायची खूण केली.

"बसा."

"मी?"

"तुमच्या मापानं माझी अब्रू ग्येली. आता समद्यांसमोर मापा, बघू द्या कसं मापता. पाऊस न्हाई ह्यो, भात हाय. रातीचा दाखवता यायचा न्हाई."

मी धोतर सावरून राशीपाशी बसलो. पायली राशीत खुपसली, दोन्ही हातांनी भात ओढून भरली. ती काठोकाठ भरून वर ढीग झाला आणि बाजूनं दाणे घरंगळायला लागले. हौसाबाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"शीग न्हाई. हात फिरवा वरनं. सपाट. हां. आता बबनच्या गोणीत वता."

"एक," मी म्हणालो.

"एक न्हवं. पैल्या मापाला लाभ म्हनायचं. म्हना."

"लाभ."

"आवाज कुटाय?"

"लाभ!" मी म्हणालो. खळ्याच्या टोकापर्यंत गेला तो आवाज. माझाच होता यावर माझा विश्वास बसेना.

गेनबा अस्वस्थ झाले होते. त्यांनी माझ्या हाताकडं, मग हौसाबाईंकडं पाहिलं.

"आक्का, पर ह्यांच्या हाताचा काय भरवसा? ज्यांनी पाऊस खोटा मापला त्येंच्या हाती आमचं भात?"

"भरवसा न्हाईच," हौसाबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करून माझ्या शेजारी, मापाच्या अगदी जवळ, मांडी घालून बसल्या. "म्हनून तर म्या हितं बसलीया. भरा, मास्तर. दोन."